मागे न जाणारा बैल

तान्ह्या पोळ्याचा बैल बाहेरगावच्या माणसाला आधी समजावून सांगावा लागतो. पोळ्याला खऱ्या बैलांची पूजा होते आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलांचा पोळा भरतो. मुलं चाकांवरचा लाकडी बैल सजवतात, गळ्यात दोरी बांधून तो ओढत मैदानावर नेतात, मग घरोघर फिरवतात. प्रत्येक घरी त्यांच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, ठेवला जातो. नागपुरात वाढलेल्या माणसाने असा बैल ओढलेला नाही असं सहसा होत नाही. मी ओढला आहे. माझ्या यजमानांनी तर गाव गोळा करून ओढला होता म्हणे. तरीही आम्ही दोघांनी मिळून त्या बैलाचा व्हिडिओ गेम बनवला, तेव्हा त्याला दोरी लावायची विसरलो.

हा लेख खरं तर दोघांनी लिहायचा होता. मागच्या वर्षी संपादकांनी विचारलं तेव्हा मधुकर म्हणाले होते, यंत्राचं मी सांगतो, लिहायचं काम तुझं. माघात ते गेले. आयुष्यभर मी त्यांना नावाने हाक मारली नाही, पण कागदावर ‘हे’ आणि ‘ते’ लिहून वाचणाऱ्याला काही कळणार नाही, म्हणून नाव लिहिते आहे. यंत्राचंही आता मलाच सांगावं लागेल. काही चुकलं तर ते त्यांच्या माथी मारू नये.

आमचा कारखाना म्हणजे रामदासपेठेतल्या एका बंगल्याचं गॅरेज. मालकांनी मोटार विकली होती, म्हणून जागा मिळाली. मधुकर उमरेडकडच्या खेड्यातले, रेडिओ आणि टीव्हीच्या दुरुस्तीत हात बसलेले. मी सकाळच्या शाळेत गणित शिकवत असे आणि दुपारी गॅरेजमध्ये बसत असे. शाळांसाठी दिव्यांचे प्रश्नफलक, कबड्डीच्या सामन्यांचे गुणफलक, लग्नाच्या मांडवातल्या पळत्या रोषणाईची पेटी, असं गिऱ्हाईक मागेल ते आम्ही करत असू. एका मुख्याध्यापकांना अशी शाळेची घंटा हवी होती की तिची वेळ त्यांच्याशिवाय कोणालाही बदलता येऊ नये. आम्ही कुलूपबंद पेटीत घड्याळ बसवून दिलं. थोड्याच दिवसांत ते स्वतः किल्ली हरवून बसले आणि घड्याळ पुढे पळायला लागलं. शाळा रोज थोडी लवकर सुटू लागली. मधुकरना बोलावणं आलं ते मुख्याध्यापकांकडून नव्हे, पालकांकडून.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मधुकरच्या मावसभावाने परदेशातून येताना एक घरगुती कॉम्प्युटर आणला. नुसता कळफलक, तोच टीव्हीला जोडायचा. प्रोग्रॅम साध्या गाण्याच्या कॅसेटवर ठेवायचा आणि पुन्हा हवा असला की टेपरेकॉर्डर लावायचा. तेव्हा त्यातून असा काही चिरका आवाज येई की बंगल्याच्या मालकीणबाई विचारत, काय जळतंय. वीज गेली की डोळ्यांदेखत सगळं पुसलं जाई. सोबतच्या पुस्तकावरून मी त्या यंत्राची भाषा शिकले. गणिताच्या बाईला ती अवघड नव्हती. फक्त हे यंत्र सांगितलेलं शब्दशः करतं, समजून काही घेत नाही, ही गोष्ट अंगवळणी पडायला वेळ लागला. वर्गातली मुलं याच्या नेमकी उलट असतात.

तेव्हा बर्डीच्या बाजारात व्हिडिओ गेमची दुकानं निघाली होती. मुलं एक दांडी डावी-उजवीकडे हलवत आणि पडद्यावर विमानं पाडत. एकदा तिथून परतताना मधुकर म्हणाले की यांच्या हाताला खेळल्यासारखं काही लागतच नाही, हातात काही खेळणं पाहिजे. आणि घरी येऊन त्यांनी माळ्यावरून आमच्या मुलाचा जुना लाकडी बैल काढला.

कल्पना सोपी होती. टेबलावर खरा लाकडी बैल फिरवायचा आणि तसाच पडद्यावरचा बैल एका भुलभुलैयातून चालायचा. बैल कळपातून चुकला आहे. वाटेत तळं आहे, काट्यांचं कुंपण आहे, एका वळणावर वाघ बसला आहे. घंटीचं बटण दाबून धरलं की वाघ लांब राहतो. गोठा सापडला की खेळ संपला.

भुलभुलैया आखण्याचं काम माझं. आलेखाच्या कागदावर मी गल्ल्या काढत असे आणि मग त्यांचे आकडे करून कॉम्प्युटरला देत असे. त्यातलं गमक असं की चुकीची वाट बरोबर वाटेपेक्षा थोडी जास्त मोहात पाडणारी हवी. बैलही मीच काढला, आठ बाय आठ चौकटींत. एवढ्याशा जागेत शिंगं, वशिंड, शेपटी सगळं बसवायचं. मधुकर टीव्हीजवळ गेले, चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "हे तं बकरी होय वं."

यंत्राचा भाग त्यांचा. बैलाच्या दोन चाकांना त्यांनी पत्र्याच्या चकत्या लावल्या, चकतीला कडेने भोकं. एका बाजूला बारीक दिवा, दुसऱ्या बाजूला उजेड ओळखणारा छोटा भाग, ज्याला आम्ही डोळा म्हणायचो. चाक फिरलं की भोकांतून उजेड लुकलुकतो, डोळा ते पाहतो आणि शेपटीतून निघालेल्या वायरीने कॉम्प्युटरला कळतं की बैल एवढा पुढे गेला. डावं चाक जास्त फिरलं तर बैल उजवीकडे वळला, उजवं जास्त फिरलं तर डावीकडे. चाकं टेबलावर घसरत, म्हणून त्यांना सायकलच्या ट्यूबच्या कडा चढवल्या. उन्हाची तिरीप पडली की डोळे दिपत आणि पडद्यावरचा बैल आपोआप चालू लागे, म्हणून मी जुन्या छत्रीच्या काळ्या कापडाची जाड झूल शिवली, वरून लाल आणि कडेला आरसे. लोक म्हणत, किती हौसेने सजवला आहे. ती हौस नव्हती, गरज होती.

एक खोड मात्र राहिली. चाकाला एकच डोळा असला तर तो भोकं मोजतो, पण चाक पुढे फिरतंय की मागे, हे त्याला कळत नाही. त्यासाठी शेजारी दुसरा डोळा लागतो. ते भाग मुंबईहून मागवावे लागत आणि येता येत नसत. मधुकर म्हणाले, चालतंय, बैलाला मागे कोण नेतं.

हिवाळ्यातल्या प्रदर्शनात आम्ही स्टॉल घेतला आणि पहिल्याच संध्याकाळी कळलं की मागे कोण नेतं. सगळेच नेतात. मुलांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि मोटारीसारखा घर्र घर्र करत पुढे-मागे घासायला सुरुवात केली. पडद्यावरचा बैल बिचारा पुढेच धावत होता, भिंतींवर आपटत होता, तळ्यात पडत होता. पोरं हसून लोळत होती. मधुकरचा चेहरा पाहवत नव्हता. त्यातच संत्र्याचे एक अडते आले. त्यांना हा खेळ दुकानासमोर लावायचा होता, अट एवढीच की बंद गल्लीच्या टोकाला त्यांच्या शेजारच्या अडत्याच्या गाळ्याचं चित्र हवं. दुसरे एक खेळण्यांचे व्यापारी आले होते, बाहेरगावचे, सुटाबुटातले. त्यांना माझे भुलभुलैये आवडले. बैल काढून टाका, दांडी लावा, मी कॅसेटी विकतो, असं ते म्हणाले. मधुकर नम्रपणे म्हणाले, "बैल काढला तं मंग राह्यलं काय?" ते गृहस्थ पत्ता ठेवून गेले. आम्ही त्यांच्याकडे कधी गेलो नाही. यावर पुढे आमचं दोघांचं पुष्कळदा बोलणं झालं, आणि बरोबर कोण होतं ते अजूनही ठरलेलं नाही.

शेवटच्या दिवशी कुसुमताई आल्या. धंतोलीतल्या एका दवाखान्यात त्या व्यायामोपचाराचं काम करत. मोडलेली हाडं डॉक्टरांनी जोडून दिली की पुढे त्या हातापायांना चालतं करायचं, ते त्यांच्याकडे. मुलं हसत होती, त्या मात्र बैल धरलेल्या हातांकडे पाहत होत्या. गर्दी सरल्यावर त्यांनी विचारलं, हे माझ्याकडे आणून मांडता येईल का? एक मुलगी आहे.

मुलीचं नाव वनिता. काटोलकडच्या गावची, वय नऊ. कडब्याच्या गंजीवरून पडून उजवा कोपर मोडला होता. हाड चांगलं जुळलं, प्लास्टर निघालं, पण कोपर वाकेना. हात पुढे धरलेल्या काठीसारखा राहिला होता. दुखेल या भीतीने ती कोणाला हात लावू देत नव्हती, कोणी जवळ आलं की भिंतीकडे तोंड करून बसे. कुसुमताईंनी आम्हाला समजावलं की कोपर दुसऱ्याने जोर लावून वाकवायचा नसतो, त्याने तो अधिकच आखडतो. तिचा तिने वाकवला पाहिजे. पण नऊ वर्षांच्या मुलीला ‘वाकव’ म्हणून ती वाकवत नाही. डॉक्टर आणखी काही आठवडे थांबायला तयार होते. त्यानंतर शस्त्रक्रिया, आणि तिचीही खात्री कोणी देत नव्हतं.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा जेवणाची वेळ होती. वनिताची माय तिला भरवत होती. डाव्या हाताने जेवायचं नाही हे त्या पोरीला घरात इतकं पक्कं शिकवलेलं होतं की आता सगळ्यांनी सांगूनही ती डावा हात ताटाला लावत नव्हती. माय म्हणाली, रोज देते मी घास, पण मी काय जन्माला पुरणार आहे हिच्या? तिने ते अगदी साधेपणाने, वरणात भात कालवता कालवता म्हटलं.

आम्ही टीव्ही मांडला, कॅसेट लावली. चिरका आवाज ऐकून वनिताने भिंतीकडचं तोंड इकडे केलं. टेबलावरचा बैल तिने पुष्कळ वेळ न्याहाळला. मग पहिल्यांदा बोलली.

"याची दोरी कुठी हाय?"

मधुकर म्हणाले, "दोरी कायले पाह्यजे? पाठीवर हात ठेव अन् ढकल."

"बैल कोनी ढकलते का?" वनिता म्हणाली.

मधुकरनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघांनी लहानपणी पोळ्याच्या मैदानावर दोरी ओढत घालवलेले दिवस आमच्यामध्ये येऊन उभे राहिले असावेत. "आपन शिकून येडे झालो वं," ते हळूच म्हणाले आणि कुठे दोरी मिळते का ते शोधायला निघून गेले. ती मिळाली कुसुमताईंच्या कपाटात, पट्ट्या बांधायची पांढरी नाडी. वनिताने मायकडून ती बैलाच्या गळ्यात बांधून घेतली. गाठ कशी मारायची तेही तिनेच सांगितलं.

दोरीने जादू केली असं मी म्हणणार नाही, साधं कारण होतं. दोरीने बैल पुढेच येतो. मागे ढकलताच येत नाही. ज्या खोडीने प्रदर्शनात आमची फजिती केली ती दोरी बांधताच नाहीशी झाली. बैल टेबलाच्या पलीकडच्या कडेला ठेवायचा, वनिताने ओढत आपल्याकडे आणायचा, मग मायने उचलून पुन्हा पलीकडे ठेवायचा. उचलल्यावर चाकं फिरत नाहीत, म्हणून पडद्यावरचा बैल तेवढा वेळ उभा राहून वाट पाहतो. ओढताना दोरी थोडी एका बाजूला नेली की पडद्यावरही बैल वळतो. वनिताला हे सांगावं लागलं नाही.

पण पहिल्या दिवशी ती हात जेमतेम हलवत होती, सगळं काम खांद्याने करत होती. आणि थोड्या वेळातच ती एका बंद गल्लीच्या टोकाला पोचली. तिथे बैल वळवता येईना, कारण वळायला वाटच नव्हती. मी सांगितलं की हे लाल बटण दाब, बैल पुन्हा वेशीवर जाईल आणि पहिल्यापासून सुरू करता येईल.

"बैल का उडून जाते तिथं?"

मी म्हटलं, "अगं, ही गल्ली चुकीची होती. बंद आहे ना ती."

"घरच नाई तं गल्ली काहून केली?" असं म्हणून तिने दोरी टाकली आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी ती परत वळली नाही.

तिचा प्रश्न घेऊन मी घरी आले. मी भुलभुलैया परीक्षेसारखा आखला होता, चुकलास तर शिक्षा. ती तान्ह्या पोळ्याला निघाली होती. पोळ्याला गल्ली चुकीची नसते, गल्लीच्या टोकाला कोणाचं तरी घर असतं आणि त्या घरी बोजारा मिळतो. मी कागद नवा घेतला. प्रत्येक बंद गल्लीच्या टोकाला एक अंगण काढलं, अंगणात झाड, झाडाभोवती बैल फिरवून परत निघता येईल एवढी जागा. अंगणाशी एक दार. बैल दारात आला की दार उघडायचं आणि बोजाऱ्याचं नाणं खणकन वाजायचं. गोठा होता तिथेच ठेवला, फक्त सगळ्या घरी जाऊन आल्याशिवाय त्याचं दार उघडायचं नाही. एवढं सगळं त्या यंत्राच्या टीचभर मेंदूत बसवताना मला वाघाची शेपटी काढून टाकावी लागली.

खेळ करणाऱ्यांनी हे मला कधी विचारलं तर मी सांगेन की माझ्या हातून झालेली सगळ्यात चांगली दुरुस्ती हीच. आधीच्या खेळात हुशार मूल लवकर सुटत असे. नव्या खेळात कोणालाच लवकर सुटायचं नसे.

वनिता प्रत्येक घरी जाऊ लागली. दारं कोणाची ते तिने ठरवून टाकलं. हे आत्याचं, हे मास्तरांचं, हे एका म्हातारीचं जी गावात बोजारा देत नाही पण इथे देते. कुसुमताईंनी मग आपलं काम सुरू केलं. ती मदतीला डावा हात आणत असे, म्हणून घंटीचं बटण खुर्चीच्या डाव्या हातावर बसवायला लावलं. घंटी सोडली की वाघ. डावा हात तिथे अडकला. आणि उजवा हात नुसता मागे न येता वर यावा म्हणून त्यांनी टेबलाचे वनिताकडचे दोन पाय विटांवर चढवले. आता बैलाला चढ चढून तिच्याकडे यावं लागत होतं, आणि तिचा हात छातीच्या दिशेने वर येत होता.

विटा ठेवल्या आणि आमची जुनी खोड परत आली. हाताच्या एका ओढीत बैल थोडाच वर येई. पुढची दोरी पकडायला वनिताने पकड सोडली की बैल उतारावरून मागे घरंगळे. तो मागे जातोय हे डोळ्याला कळत नसे, तो आपला भोकं मोजत राही, आणि पडद्यावरचा बैल भलत्याच गल्लीत पुढे पळत सुटे. वनिता रडकुंडीला आली. मधुकरनी त्याच दुपारी मुंबईला तार केली की डोळे तातडीने पाठवा. त्यांना फार लागलं होतं. यंत्र लबाडी करतं आणि त्याची शिक्षा पोरीला, असं ते परतताना म्हणाले.

तो पुढचा आठवडा मला नीट आठवतो. दुपारी शाळेतून मी सरळ धंतोलीला जात असे. एके दिवशी मी पोचले तेव्हा मधुकर आधीच कोपऱ्यात स्टुलावर बसले होते, माय बैल उचलून ठेवत होती आणि वनिता म्हातारीच्या गल्लीत होती. तिने बैल ओढत अर्ध्यावर आणला. आता पकड बदलायची. डावा हात घंटीवर. उजवा सोडला तर बैल घरंगळणार. तिने जरा विचार केला, दोरीची मूठ वर आणली, मान खाली घातली आणि दोरी दातांत धरली. मग मोकळ्या हाताने पुढची दोरी पकडली, दात सोडले आणि ओढली. बैल तसूभरही मागे गेला नाही.

माय पुढे झाली. "नोको घालू वं तोंडात, मळकी हाय ते."

कुसुमताईंनी मायच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू द्या," त्या म्हणाल्या. एवढंच. त्या वनिताच्या हाताकडे पाहत होत्या. मग मायनेही पाहिलं, आणि बैल पलीकडे ठेवायला ती विसरूनच गेली. वनिताने ओरडून तिला आठवण करून दिली.

हात तोंडाशी पोचला नव्हता, हे मला सांगितलं पाहिजे. अर्धं अंतर हाताने काटलं होतं आणि अर्धं मानेने. पण कोपर तिचा तिने वाकवला होता, आणि ते तिला माहीत नव्हतं. तिचं लक्ष बैल घरंगळू नये याकडे होतं. त्या दिवसापासून कुसुमताई कोपराकडे पाहीनाशा झाल्या. त्या मानेकडे पाहत. मान कालपेक्षा कमी वाकली की समजायचं, हात तेवढा वर आला. दुखत नव्हतं असं नाही. मधेच ती थांबे, ओठ आवळून बसे, आणि कुसुमताई खिडकीशी जाऊन उभ्या राहत. मग पुन्हा घंटी वाजायला लागे. मायने दोन नव्या नाड्या आणल्या, रोज एक धुऊन वाळत घालायला.

मुंबईचं पार्सल आलं. मधुकरनी ते गॅरेजमध्ये उघडलं, डोळे एकेक करून तपासले आणि दुसऱ्या दिवशी हत्यारांची पिशवी घेऊन दवाखान्यात आले. कुसुमताईंनी त्यांना दाराशीच अडवलं. त्या म्हणाल्या की तुमच्या बैलाला मागचं कळायला लागलं तर वनिता दोरी सोडायला मोकळी होईल. थोडं घरंगळलं तरी बिघडत नाही, हे तिला कळेल. ती खोड तशीच राहू द्या.

कारागिराला दुरुस्तीचे भाग हातात असताना दुरुस्ती करू नका म्हणणं सोपं नाही. आपल्या हातची चूक रोज समोर चालताना पाहायची. मधुकरनी पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "मंग मी काय करू?" कुसुमताई म्हणाल्या, उतार थोडा वाढवायचा आहे, विटा आणून द्या. ते विटा आणायला गेले. येताना त्यांनी बैलाच्या पाठीवर बांधायला दोन इवल्या गोणी शिवून आणल्या, गहू भरायला, म्हणजे ओढायला जरा वजन. गहू वनिताच्या गावचे आहेत असं त्यांनी तिला सांगितलं. ते आमच्या डब्यातले होते.

खेळ म्हणून त्या खेळाचं पुढे काही झालं नाही. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात कॅसेटला बुरशी आली. मी सगळं पुन्हा लिहून काढू शकले असते, पण तोवर दुसरी कामं आली होती. धंतोलीतल्या दवाखान्यांत कुसुमताईंनी सांगितलेलं पसरलं होतं. लकवा झालेल्या एका कीर्तनकारांसाठी आम्ही बोटांनी दाबायचे टाळ केले, पाय उचलत नसलेल्या एका मुलासाठी पाय टाकला की पडद्यावर चेंडू उडेल अशी फुटबॉलची जमीन केली. विक्री म्हणाल तर यातलं काहीच कोणी बाजारात विकलं नाही. देशभरातल्या मुलांनी तो बैल ओढला असता तर, असा विचार माझ्या मनात येतो. मधुकरच्या मनात तो यायचा की नाही, मी कधी विचारलं नाही. आता ते राहूनच गेलं. ते शेवटपर्यंत नवं काम हाती घेताना माणसाचे हात आधी पाहत आणि मग विचारत, यांच्या गावात काय खेळतात?

वनिता घरी निघाली त्या दिवशी आम्ही दोघंही गेलो होतो. तिचे वडील न्यायला आले होते. व्हरांड्यात चटई टाकून तिघांनी डबा सोडला, आम्हालाही बसवलं. सहावं ताट मागून आलं, कुसुमताईंचं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. वडील रस्त्याचं, गाडीच्या वेळेचं बोलत होते. मायने सवयीने भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि न पाहताच वनिताच्या तोंडापुढे धरला.

वनिताचं तोंड भरलेलं होतं. ती मान ताठ ठेवून चावत होती आणि तिचा उजवा हात पुढचा तुकडा मोडत होता. मायचा हात तसाच हवेत राहिला. मधुकर ताटाकडे पाहू लागले.

मग मायने तो घास वळवून स्वतःच्या तोंडात घातला आणि सावकाश चावू लागली.